छत्तीसचा आकडा

रॉक हार्बरला पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. अमेरिकेतल्या केप कॉडच्या आतल्या बाजूचा हा समुद्र उथळ. पाणी मागं सरलं की मैलभर ओली वाळू उघडी पडते आणि माणसं बादल्या घेऊन शिंपल्या वेचत हिंडतात. बंदरातून बाहेर पडायच्या वाटेला लागून तिथल्या लोकांनी वाळूत झाडं रोवलेली आहेत. मुळं नाहीत, पानं नाहीत, नुसती खोडं आणि फांद्या. भरती आली की त्यांचे शेंडे तेवढे वर राहतात, आणि होडीवाल्याला खोल पाणी कुठून जातं ते कळतं. आमच्याकडं खाडीत काठ्या रोवतात, तशीच ही रीत. ती झाडं पाहिली आणि एवढ्या लांब येऊनही मला क्षणभर परकं वाटलं नाही.

जिच्यासाठी आलो होतो ती होडी धक्क्याला बांधलेली होती. पांढरी, लाकडी, छत्तीस फूट लांब. नाव नाही, नुसता आकडा: ३६५००. अमेरिकेच्या तटरक्षक दलात लहान होड्यांना नावं देत नसत, आकडे देत. पहिले दोन अंक लांबीचे, पुढचे त्या होडीचे. हिला पाहिल्यावर मनात आलेला पहिला शब्द 'लहान' हाच होता. हर्णैच्या बंदरात मी लहानाचा मोठा झालो. तिथं आठवडाभर दर्यावर राहणाऱ्या बोटी याहून मोठ्या असतात.

आपल्याकडं दोघांचं पटत नसलं की छत्तीसचा आकडा आहे म्हणतो, कारण तीन आणि सहा एकमेकांकडं पाठ करून उभे असतात. या होडीच्या गोष्टीत हा आकडा पुन्हा पुन्हा येतो. लांबी छत्तीस फूट, क्रमांकाची सुरुवात छत्तीसनं, आणि तिच्या आयुष्यातल्या सगळ्यांत अवघड रात्री ती परत आली तेव्हा तिच्यात माणसंही छत्तीसच होती. ती साधारण डझनभर माणसं वाचवून आणायला बांधलेली होती.

ती बांधली गेली १९४६ साली, मेरीलँडमधल्या कर्टिस बे इथल्या तटरक्षक दलाच्या स्वतःच्या गोदीत. वजन सुमारे नऊ टन. तळाला जवळजवळ टनभर वजनाचा काशाचा कणा, तोही याच नऊ टनांत. सगळी करामत त्या कण्यात. होडी लाटेनं उलटी केली तरी खालचं हे वजन तिला फिरवून पुन्हा सुलटी करतं. आत शिरलेलं पाणी आपोआप बाहेर जाईल अशी योजना. पुढच्या बाजूला वाचवून आणलेल्या माणसांसाठी एक बंदिस्त खोली, मधे इंजिन, आणि मागं सुकाणूशी उभा राहणारा तांडेल, त्याच्यासमोर एक काच. वेग ताशी आठ-नऊ सागरी मैल, म्हणजे सायकलवाल्याएवढा. वेगासाठी ती बांधलीच नव्हती. बाकीचे जिथून परत फिरतात तिथं पुढं जाता यावं, एवढ्यासाठी होती.

तिची नेमणूक चॅथमला झाली. केप कॉडचा नकाशा पाहिला तर कोपरात दुमडलेला हात दिसतो, त्या हाताच्या कोपराशी चॅथम आहे. बाहेर सरळ अटलांटिक. गावातून समुद्रात जायचं तर वाळूचा एक उंचवटा ओलांडावा लागतो. तिथं खोल समुद्राची लाट अचानक उथळ पाण्यावर चढते आणि फुटते. शांत दिवशीही मच्छीमार तिथं बोलणं थांबवतात.

हे मला वाचून कळलं नाही. हर्णैला वादळ आलं की बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आसरा घ्यायला धावतात, आणि त्या खाडीच्या तोंडाशी असाच गाळ साचलेला असतो. दर्यात वाचलेली बोट घरापासून हाकेच्या अंतरावर या गाळावर आपटून फुटते. माझे आजोबा तांडेल होते. ते म्हणायचे, दर्या मारत नाही, उंबरठा मारतो.

१८ फेब्रुवारी १९५२ च्या पहाटे पेंडलटन नावाचं तेलवाहू जहाज चॅथमजवळच्या समुद्रात मधोमध मोडलं. पाचशे फुटांहून लांब जहाज. लुइझियानातून रॉकेल आणि घरं गरम ठेवायचं तेल भरून बॉस्टनला निघालेलं. बॉस्टनबाहेर पोचलं, पण वादळात आत शिरता येईना म्हणून समुद्रातच थांबलं, आणि सहाच्या सुमारास त्याचे दोन तुकडे झाले. ही जहाजं दुसऱ्या महायुद्धात घाईघाईनं बांधलेली, तुकडे वितळवून जोडलेली. त्या काळच्या पोलादाचा दोष असा की थंडीत ते ठिसूळ होई. एक भेग पडली आणि सांधे नसलेल्या त्या पत्र्यात ती धावू लागली की थांबवायला काही नसे. पेंडलटन पोर्टलंडच्या ज्या स्वान आयलंड गोदीत १९४४ साली बांधलं गेलं, तिथंच त्याच जातीचं स्कनेक्टडी हे जहाज १९४३ च्या जानेवारीत धक्क्याला बांधलेलं असताना, स्थिर पाण्यात, मोठा आवाज होऊन मोडलं होतं. म्हणजे दुखणं ठाऊक होतं. तरी ही जहाजं हिवाळ्यात अटलांटिकवर जातच राहिली. मला या गोष्टीचा आजही राग येतो.

पुढच्या तुकड्यावर कप्तान आणि सात जण, मागच्यावर तेहतीस जण. वायरलेस पुढच्या तुकड्यात, आणि तिथली वीज गेलेली, त्यामुळं मदतीची हाक गेलीच नाही. त्याच दिवशी, त्याच जातीचं फोर्ट मर्सर नावाचं दुसरं जहाज तिथून तीसेक मैलांवर मोडलं. त्यानं हाक दिली होती. तटरक्षक दलाच्या मोठ्या बोटी तिकडं गेल्या. चॅथमच्या रडारवर दुपारी दोन वेगळे ठिपके दिसले तेव्हा कळलं, हे दुसरंच जहाज आहे.

३६५०० वर जायचा हुकूम मिळाला बर्नार्ड वेबरला. धर्मोपदेशकाचा मुलगा, पंचविशीही न गाठलेला. बायको मिरियम तापानं घरी निजलेली. ठाण्यावरचा मुख्य इंजिनवाला आजारी, म्हणून त्याच्या जागी अँड्र्यू फिट्झजेराल्ड निघाला. रिचर्ड लिव्हसी तयार झाला. चौथा अर्व्हिन मास्के तर चॅथमचा नव्हताच. तो दीपनौकेवर, म्हणजे दिवा लावून समुद्रात नांगरून ठेवलेल्या जहाजावर कामाला होता, तिकडं जायला होडी मिळेपर्यंत ठाण्यावर थांबला होता. कुणीतरी हवं म्हटल्यावर तो उठला. माझ्या मनात या चौघांतला सगळ्यांत जवळचा मास्के. बाकीच्यांना सवय होती, गाव होतं. याला यातलं काही नव्हतं.

धक्क्यावरच्या मच्छीमारांनी त्यांना सांगितलं की फार लांब जायच्या आधी वाट चुका आणि परत या. ते प्रेमानं सांगत होते. त्या लाटांचं गणित त्यांच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. छोट्या होडक्यातून वल्हवत हे चौघे ३६५०० पर्यंत गेले आणि संध्याकाळच्या अंधारात, बर्फ पडत असताना निघाले. वाळूचा तो उंचवटा जवळ आला तेव्हा चौघं गाऊ लागले, चर्चमधलं एक जुनं भजन. उधाणाच्या वेळी आमच्याकडंही बोटीवर कुणीतरी देवाचं नाव घ्यायला सुरुवात करतो आणि मग सगळे घेतात. भीती आवाजात घालून बाहेर टाकायची, असं असावं ते.

पहिल्याच लाटांनी होडी उचलून आडवी फेकली. समोरची काच फुटून वेबरच्या अंगावर आली. होकायंत्र उखडून गेलं. होडी कुशीवर झोपली की इंजिन बंद पडे. फिट्झजेराल्ड त्या अरुंद जागेत रांगत जाऊन, भाजून घेत, आपटून घेत, ते पुन्हा सुरू करायचा. इंजिन बंद असताना होडी लाटेला आडवी झाली तर संपलं. टनभर वजनाचा तो कणा त्या रात्री दर वेळी तिला सुलटी करत राहिला.

आता काच नाही, होकायंत्र नाही, बर्फात काही दिसत नाही. वेबर अंदाजानं जात राहिला. त्या काळ्या पाण्यात पेंडलटनचा मागचा तुकडा त्यांना आधी ऐकू आला, लोखंड घासल्यासारखा, ओरडल्यासारखा. मग झोतदिव्यात वर उभी भिंत दिसली. इंजिनाची खोली मागच्या तुकड्यात असल्यानं त्यावरचे दिवे अजून चालू होते. कठड्याशी माणूस दिसला, मग माणसंच माणसं. मुख्य अभियंता रेमंड सायबर्ट यानं त्या अर्ध्या जहाजाची व्यवस्था दिवसभर सांभाळली होती.

वरून दोराची शिडी सोडली गेली आणि एकेक जण उतरू लागला. होडी लाटेबरोबर वर येई तेव्हा उडी मारायची, होडी खाली जाई तेव्हा शिडीला चिकटून राहायचं. काही जण पाण्यात पडले. खालचे तिघं त्यांना ओढून घेत होते. वेबर दर वेळी होडी त्या लोखंडी भिंतीशी नेई, मागं घेई, पुन्हा नेई.

दहा झाले, बारा झाले. होडी भरली. माणसं अजून उतरतच होती. इथं थांबून दुसऱ्या होडीची वाट पाहा म्हणायला कुणाची हरकत नव्हती. वेबरनं आपल्या माणसांना एवढंच सांगितलं की सगळे जगू, नाही तर सगळे मरू. पुढं सारी माणसं कोंबून भरल्यावर होडी इतकी खाली बसली होती की लाट आली की काही जण पाण्यातच असत.

शेवटच्या काहींमध्ये जॉर्ज मायर्स होता. त्याला सगळे टायनी म्हणत, म्हणजे छोटू, कारण तो तीनशे पौंडांचा आडदांड माणूस होता. दिवसभर तो इतरांना धीर देत, उतरायला मदत करत राहिला होता. तो उतरला, पाण्यात पडला. त्याला घ्यायला होडी त्याच्याकडं नेत असतानाच लाटेनं होडी ढकलली आणि तो होडी आणि जहाज यांच्यामधे सापडला. सुकाणू वेबरच्या हातात होतं.

आजोबांची एक सवय सांगायला हवी. ते दर्यावरून आले की अंगणात पाय ठेवायच्या आधी, बाहेरूनच, एक आकडा म्हणायचे. सात. त्यांच्या बोटीवर सात जण असत. आजी दिवेलागणीपासून ओट्यावर उभी असायची आणि तो आकडा कानावर पडला की आत जाऊन चूल पेटवायची. एके वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी ते आले आणि म्हणाले, सहा. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. त्या रात्री चूल पेटली नाही हे मला आठवतं. त्या दिवशी त्याच खाडीच्या तोंडाशी बोट आपटली होती आणि आजोबांनी सहा माणसं बाहेर काढली होती, पण ती सहा माणसं त्यांनी कधी मोजली नाहीत. पुढं पंधरा वर्षं ते जगले. दर्याची गोष्ट निघाली की ते त्या एका पोराचं नाव घेत.

म्हणून पेंडलटनची हकीकत मला बत्तीस माणसांची वाटत नाही. तेहतिसाव्याची वाटते.

पुढचं थोडक्यात. होडीत छत्तीस माणसं. किनारा कुठं, ठाऊक नाही. वायरलेसवर वरिष्ठांची चर्चा सुरू झाली की या लोकांना समुद्रातच मोठ्या बोटीवर चढवावं का. वेबरनं वायरलेस बंद केला. वारा आणि लाटा पाठीशी घेऊन किनारा लागेल तिकडं जायचं, दुसरं काही नाही जमलं तर वाळूवर चढवायची, असं त्यानं ठरवलं. मग अंधारात एक लाल दिवा लुकलुकताना दिसला. तो चॅथमच्याच बंदराकडं नेणारा होता. होकायंत्राशिवाय ते थेट घरी आले होते. धक्क्यावर गाव उभं होतं.

त्या वादळात दोन्ही जहाजांवरच्या ८४ माणसांपैकी ७० वाचली. पेंडलटनच्या पुढच्या तुकड्यावरच्या आठांपैकी कुणीच नाही. याच ठाण्याची आणखी एक होडी, ३६३८३, त्या दिवशी बाहेर होती. डोनाल्ड बँग्ज आणि त्याचे साथीदार, तीच छत्तीस फुटांची होडी, तेच वादळ. त्यांना आधी फोर्ट मर्सरकडं, मग पेंडलटनच्या पुढच्या तुकड्याकडं पाठवलं गेलं. तिथं एक माणूस उभा दिसला, त्यानं उडी मारली, आणि लाटेनं त्याला त्यांच्या हाती लागू दिलं नाही. ही माणसं दिवस आणि रात्र त्या समुद्रात होती. त्यांच्या वाट्याला सुवर्णपदक आलं नाही. ३६३८३ बद्दल फार कुणी बोलत नाही. मला मात्र तिची आठवण काढल्याशिवाय ३६५०० चं कौतुक पुरं करता येत नाही. एकीला जमलं, एकीला नाही. निघाल्या दोन्ही सारख्याच.

वेबरला सुवर्णपदक आणि बाकीच्या तिघांना रौप्य, असं आधी ठरलं होतं. वेबर म्हणाला, चौघांना एकच द्या, नाही तर मला नको. १९५२ च्या मे महिन्यात चौघांनाही सुवर्णपदक मिळालं.

आणि मग? मग होडी पुन्हा कामाला लागली. बोलताना लोक सहसा इथंच थांबतात, पण तिच्या नोकरीची मोठी कथा पुढंच आहे. आणखी सोळा वर्षं ती चॅथमलाच होती. इंजिन बंद पडलेल्या मच्छीमार बोटी ओढून आणायच्या, धुक्यात हरवलेल्यांना शोधायचं, दीपनौकांवर माणसं न्यायची-आणायची. आधी तिच्यात पेट्रोलचं इंजिन होतं, नंतर डिझेलचं बसलं. अशा कामाची पदकं नसतात आणि असल्या फेऱ्यांची कुणाला आठवणही राहत नाही. पण खरं सांगायचं तर बचावाची होडी या फेऱ्यांसाठीच असते. त्या एका रात्री जे जमलं ते आधीच्या शेकडो साध्या फेऱ्यांमुळं. वेबरला तो उंचवटा अंधारात पायाखालच्या वाटेसारखा ठाऊक झाला होता, म्हणून.

१९६८ साली तिला निवृत्त केलं. चव्वेचाळीस फुटांच्या पोलादी होड्या आल्या होत्या. केप कॉडचा किनारा १९६१ पासून राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झाला होता. तिथं लोकांना पाहायला ठेवू म्हणून तिला त्यांच्याकडं दिलं. हेतू चांगला होता. पैसे मात्र आले नाहीत. वेलफ्लीट गावाजवळ, झाडांत, उघड्यावर ती ठेवली गेली आणि तिथंच राहिली, तेरा वर्षं. लाकडाला पाण्यात असताना जेवढा धोका नसतो तेवढा कोरड्या जागी असतो. पाण्यात फळ्या फुगून एकमेकींना धरून ठेवतात. उन्हात त्या सुकतात, फटी पडतात, त्या फटींत पाऊस शिरतो, मग कूज. हर्णैच्या किनाऱ्यावर वर ओढून ठेवलेल्या, मालक मेलेल्या किंवा मुंबईला गेलेल्या होड्या मी अशाच मोडताना पाहिल्या आहेत. आधी रंग जातो, मग फळ्या सुटतात, शेवटी कुणीतरी सरपणाला नेतं.

१९८१ च्या नोव्हेंबरात ऑर्लिन्स गावच्या इतिहास मंडळानं ती मागून घेतली. बुडालेल्या जहाजांची छायाचित्रं आयुष्यभर जमवणारे विल्यम क्विन यांनी पुढाकार घेतला, आणि गावातली माणसं त्या हिवाळ्यात कामाला लागली. पगार नाही. सुतार, यांत्रिक, मच्छीमार, निवृत्त माणसं, ज्याला जे येतं त्यानं ते करायचं. कुजलेल्या फळ्या काढल्या, नव्या बसवल्या, थरावर थर साचलेला रंग खरवडला, इंजिन दुरुस्त केलं. पुढच्या वर्षी ती पाण्यात उतरली. उलटी झाली तर स्वतःच सुलटी व्हायचं तिला येत होतं. झाडांत पडल्यावर उठायला मात्र माणसं लागली.

२००२ च्या मे महिन्यात, पन्नास वर्षांनी, ते चौघे तिच्यावर पुन्हा एकत्र आले. सुकाणूवर वेबर. पुढं मास्के गेला, लिव्हसी गेला, २००९ च्या जानेवारीत फ्लोरिडात वेबर गेला, आणि २०१८ साली फिट्झजेराल्ड. २००५ साली देशाच्या ऐतिहासिक वारशाच्या यादीत तिची नोंद झाली. तटरक्षक दलाच्या नव्या गस्ती जहाजांच्या मालिकेतल्या पहिल्याला वेबरचं नाव मिळालं आहे.

धक्क्यावर एक म्हातारे गृहस्थ होते, होडीची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकांपैकी. मी समुद्रकाठचा आहे हे त्यांना बहुधा उभं राहण्यावरून कळलं असावं. त्यांनी फारसं विचारलं नाही. चढा म्हणाले. मी चप्पल धक्क्यावर काढून ठेवली आणि चढलो. ते नुसतं पाहत राहिले. आमच्याकडं होडीत चप्पल घालून चढत नाहीत, एवढंच मी सांगितलं.

पुढच्या खोलीत डोकं घातलं. लाकूड, डिझेल आणि खारं पाणी यांचा तोच वास. मग मी माणसं बसवून पाहू लागलो. दाटीनं, गुडघे छातीशी घेऊन, ओले, घाबरलेले, काही तेलानं माखलेले. खोलीत इतके. इंजिनाच्या कडेनं इतके. वेबरच्या पायाशी इतके. खोलीच्या छपरावर, दोराला धरून, दोन. कठड्याला टेकून, अर्धे बाहेर, आणखी तीन. चार जण तिच्यावरचे, त्यांना हात हलवायला जागा हवी, म्हणून पुन्हा सगळं मोडलं आणि नव्यानं मोजलं. दोन्ही वेळा सव्वीसच्या पुढं मला जागा सापडली नाही.

तिसऱ्यांदा मोजायला लागलो तेव्हा पायाखाली ती हलकेच हलली. बाहेर झाडांच्या बुंध्यांशी पाणी आलं होतं.